ठकूबाईंच्या पावसाची वही

फाल्गुन लागला की आमच्या शहरात आभाळाचं काही खरं नसतं. सकाळी ऊन असं की गच्चीवर पापड घालावेत, आणि दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडून धूळ उठते. औरंगपुऱ्यातले दुकानदार बाहेर टांगलेले झबली-परकर घाईघाईनं आत ओढतात, रिक्षावाले बाजूचे पडदे सोडतात, आणि कुणाच्या तरी गच्चीवरचा पत्रा वाजायला लागतो. पत्रा वाजला की मी हातातलं काम टाकून उठते. मी खिडकी लावून आत जाऊन बसते. सुनेला वाटतं, आईंना वाऱ्याची भीती बसली आहे. मीही तिला तसंच वाटू देते, कारण भीती सांगायला सोपी असते. मला खरं म्हणजे लाज वाटते.

ही लाज दोन ठिकाणच्या पावसांनी मिळून दिलेली आहे. एक इथला, कन्नड तालुक्यातल्या घाटावरचा. तो मी कधी अंगावर घेतला नाही, नुसता एका वहीत वाचला. दुसरा फार लांबचा, भर समुद्रातल्या एका बेटावरचा. तो मात्र तीन दिवस डोक्यावर झेलला. दोघांची गाठ माझ्या मनात अशी पडली आहे की आता एकाला आठवून दुसऱ्याला टाळता येत नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी एका हिवाळ्यात हवाईला गेले होते. जावयाची नोकरी तिथल्या डोंगरावरच्या दुर्बिणीशी, आणि घर हिलो नावाच्या गावात. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सुंठ, ओवा, असा सगळा संसार बॅगेत भरून मी निघाले. विमानतळावरच्या तपासनीसानं डिंकाचा लाडू हातात घेऊन तीनदा हुंगला आणि चौथ्यांदा माझ्याकडे पाहिलं. हे बाळंतिणीसाठी आहे, असं मी अस्खलित इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यानं तो फार आदरानं परत डब्यात ठेवला.

हिलोला पाऊस म्हणजे घरचाच माणूस. कधी येतो, कधी जातो, कुणी दखल घेत नाही. आम्ही मराठवाड्यातली माणसं, आम्हाला पाऊस म्हणजे पाहुणा. आला की त्याचं कोण कौतुक आणि नाही आला की कोण रुसवा. इथं लोक भिजत भिजत भाजी आणत होते. टपालपेटीवर शेवाळ होतं. वाळत घातलेली बाळाची लंगोटी तिसऱ्या दिवशीही दमट लागायची, आणि मी चिडून ती इस्त्रीनं वाळवायची.

शेजारी एक आजीबाई राहायच्या. तिथंही वडीलधाऱ्या बायकांना सगळे आंटीच म्हणतात, म्हणून मला त्या आंटी लेई. वय ऐंशीच्या आसपास, देह भरभक्कम, कानामागे रोज एक फूल, आणि घरात शिरताना चपला दाराबाहेर. ते पाहून मला त्या एकदम आपल्यातल्या वाटल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, "आज कानीलेहुआ आहे."

मी विचारलं, "म्हणजे पाऊसच ना?"

"पाऊस पाहुण्यांसाठी," त्या म्हणाल्या. "हा आमच्या हिलोचा. लेहुआच्या फुलांना पाणी पाजणारा. दुसऱ्या गावात पडतो तो वेगळा, त्याचं नाव वेगळं."

मी हसले. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलेली बाई जशी हसते तसं, समजूतदारपणे. लोकांना आपल्या गावच्या पाण्याचाही अभिमान असतो, असं काहीसं मनात म्हटलं आणि लंगोट्या काढायला गेले.

मग वादळ आलं. आधी नेहमीचा वारा पडला. तिथं ईशान्येकडून एक वारा सतत वाहतो. तो थांबला तेव्हा कळलं की गेले तीन आठवडे आपल्या कानात त्याचा आवाज होता. झाडं गप्प उभी राहिली. बाळ कारण नसताना रडायला लागलं. रेडिओवरची बाई शांतपणे सांगत होती की दक्षिणेकडून येतंय, पाणी भरून ठेवा, पत्रे बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलंच. शिरसाच्या जातीची उंच उंच झाडं मधोमध मोडत होती आणि तो आवाज हाडात शिरत होता. केळी तर पहिल्या तासातच आडव्या झाल्या. पाऊस वरून पडत नव्हता, समोरून येत होता, दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून, आणि भिंतीला हात लावला तर भिंतही थरथरत होती. वीज गेली. लेक बाळाला छातीशी धरून न्हाणीघरात जाऊन बसली, कारण तिथं खिडकी नव्हती. मी दाराशी बसून रामरक्षा म्हणत होते. चौथ्या श्लोकाला अडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

दहाच्या सुमाराला आंटी लेईंच्या छपराचा पत्रा एका बाजूनं उचलला गेला. जावई कमरेला दोर बांधून गेला आणि त्यांना घेऊन आला. त्या ओल्या होऊन आत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन वस्तू होत्या. गोळ्यांचा डबा, भात शिजवायचं विजेवरचं भांडं, आणि प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक जुनी वही. वीजच नव्हती तर भांडं कशाला आणलं, असं जावयानं विचारलं. "नवीन आहे," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे त्या भीतीतही हसलो.

वहीबद्दल कुणी विचारलं नाही. त्यांनीच ती सोडवली, कोरडी आहे का पाहिली, आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या. मग पुढचे तीन दिवस मी जे पाहिलं ते मला अजून दिसतं. बाहेर जग मोडत होतं आणि ही बाई खिडकीतून पाहून त्याला नावं देत होती. सकाळचा तो ऊआ लोकू, नुसता कोसळणारा. दुपारी वाऱ्यानं उडून फवाऱ्यासारखा झाला तेव्हा किलिहुने. समुद्रावरून वाऱ्याच्या पाठीवर बसून येतो तो कुआलाउ. ढग नसताना अचानक अंगावर येते ती सर नाउलू. आणि संध्याकाळी पाऊस जेव्हा काही केल्या हलेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा लानीपिली. आभाळ खाली येऊन चिकटलं. आता दोन दिवस जायचं नाही. भांडी भरून झाली असतील तर झोपा." आणि खरंच दोन दिवस गेलं नाही. नाव कळल्यावर माझी भीती कमी झाली. हे का झालं ते मला सांगता येणार नाही, पण झालं. मी रामरक्षा पुरी म्हणू शकले.

ही वही त्यांच्या आईची होती. आंटी लेई शाळेत होत्या तेव्हा वर्गात हवाईयन बोललं की छडी बसायची. त्यांच्या थोरल्या बहिणीनं एकदा खिडकीबाहेर पाहून पावसाचं नाव घेतलं आणि बाईंनी तिला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं. त्यानंतर त्यांच्या आईनं मुलांशी आपली भाषा बोलणंच सोडून दिलं. बोलली नाही, पण रात्री चोरून लिहून ठेवत गेली. प्रत्येक पावसापुढे, प्रत्येक वाऱ्यापुढे, तो शब्द कुणाच्या तोंडचा, हेही लिहिलेलं. अमक्या बेटावरची मावशी. तमका कोळी. "ती बाई वाईट नव्हती," आपल्या शिक्षिकेबद्दल आंटी लेई म्हणाल्या. "तिला वाटायचं ती आमचं भलं करते आहे." मी त्या वेळी चहात साखर ढवळत होते. ढवळतच राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन काढलं आणि मला विचारलं, "तुमच्याकडे अशा पावसाला काय म्हणतात?"

मी म्हणाले, "मुसळधार."

"आणखी?"

"धो धो. संततधार." मग थोडं थांबून, "झड."

"आणखी?"

माझे शब्द संपले होते. त्या वाट पाहत होत्या. मला वाटतं, त्यांना खात्री होती की मी विचार करते आहे. मग त्यांनी सहज विचारलं, "तू काय शिकवायचीस म्हणालीस?"

"मराठी," मी म्हणाले.

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. आणि माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडला, जो मी कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. "मुका पाऊस," मी म्हणाले. "गडगडत नाही, वीज नाही. गुपचूप येतो आणि तीन दिवस जात नाही. तो आला की गुरं सोडू नयेत."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ते आपल्या आईच्या वहीत, शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं, आणि पेन उचलून विचारलं, "कुणाचा शब्द?"

मला नाव सांगता आलं नाही. मला ते माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. "आमच्याकडचा," मी म्हणाले, आणि त्यांनी तसं लिहिलं. माझं नाव लिहून पुढे कंसात माझं गाव. मी हात धरून थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, सबब म्हणून नव्हे. माझे वडील निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले. कचेरीत कारकून. पोलीस ॲक्शननंतर कारभार बदलला, मराठी आली, आणि चाळीशीच्या माणसाला ऑफिसात रोज नव्यानं अक्षर गिरवायची वेळ आली. घरात बोलायची मराठी होती, पण ती अर्जात चालत नव्हती. पश्चिम महाराष्ट्राकडून आलेले साहेब त्यांनी अर्जाला "दरखास्त" आणि निवाड्याला "तसफिया" लिहिलं की हसायचे. वडील संध्याकाळी मला समोर बसवून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायचे आणि म्हणायचे, "बेटा, असं बोलायला शीक की कुणी हसणार नाही." मी शिकले. इतकी शिकले की पुढे मीच हसणाऱ्यांत जाऊन बसले. घरी "इथं" म्हणणारी मी, वर्गात शिरताना "येथे" म्हणायला लागले, आणि जे म्हणत नाहीत त्यांची मला कीव यायची.

सांडू गुरुजी माझ्याकडे एम.ए.ला होते. कन्नडच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका गावात प्राथमिक शिक्षक. वय अठ्ठावीस, नुकतं लग्न झालेलं, पांढरा पायजमा-शर्ट, रविवारच्या वर्गाला पहाटेच्या एस.टी.नं यायचे आणि शेवटच्या बाकावर पाय जुळवून बसायचे. आम्ही प्रत्येकाला एक छोटा प्रबंध करायला सांगायचो. बहुतेकजण ग्रंथालयातली चार पुस्तकं समोर ठेवून पाचवं करायचे. सांडू गुरुजींनी खाकी कव्हराची दोनशे पानी वही आणून दिली. तीत त्यांच्या आईनं सांगितलेली वाऱ्यापावसाची नावं होती. आईला लिहिता येत नव्हतं. ती रानात काम करता करता सांगायची आणि हे बांधावर बसून उतरून घ्यायचे. दीड वर्ष.

त्या वहीतलं मला आज पाच-सहा गोष्टींपलीकडे आठवत नाही. मुका पाऊस आठवतो. "घाटचढ्या" आठवतो, खालून दरीतून ढग वर ओढत आणणारा. खानदेशातून वर येणारा गरम वारा "खानदेशी", आणि तो सुटला की मिरचीला पाणी द्यायचं. वावधान, म्हणजे सोसाट्याचा वादळी वारा, किती प्रकारचं, त्याचं एक अख्खं पान. एका पावसाचं नाव "चुलीवरचा" होतं, कारण तो अशा कोनातून यायचा की घरात नेमका चुलीवर गळायचा, आणि मग त्या दिवशी भाकरी मिळायची नाही. हे सगळं त्या माउलीच्या बोलीत, जसंच्या तसं. मी वाचलं, मला आवडलंही, हे मी खोटं सांगणार नाही. एका दुपारी तर मी ती वही घेऊन खिडकीशी दोन तास बसले. आणि मग लाल पेन उघडून पहिल्या पानावर लिहिलं, "भाषा ग्राम्य. संदर्भग्रंथ कोठे?"

वही मी परत दिली नाही. यातून आपल्यालाच कधी एखादा लेख करता येईल, असं वाटून घरी नेली आणि माळ्यावर ठेवली. दोन वर्षं ठेवली. लेख झाला नाही. मग दिवाळीच्या सफाईत कपाटातल्या उत्तरपत्रिका, जुने अंक आणि ती वही, असं सगळं रद्दीवाल्याच्या तागडीत गेलं. मीच उचलून घातलं. खाकी कव्हर मला दिसलं होतं, हे मी पहिल्यांदाच कुठंतरी लिहिते आहे. दिसलं होतं, पण कंटाळा आला होता, आणि फराळाचं व्हायचं होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सांडू गुरुजी आले. हातात सीताफळांची पिशवी, डोक्याचे केस काढलेले. स्टाफरूममध्ये आम्ही सहा-सातजण होतो, विभागप्रमुखही होते.

"म्याडम, माय गेली," ते म्हणाले. "तेवढी वही पाह्यजे व्हती. तिचं दुसरं काईच नाय घरात. फोटू बी नाय."

एक वाक्य पुरलं असतं. हरवली हो, चूक झाली. पण विभागप्रमुखांनी वर पाहिलं, शेजारच्या बाईंनी हातातलं विणकाम थांबवलं, आणि मी म्हणाले, "कुठली वही? तुम्ही जमाच केली नव्हती."

"दिली व्हती म्याडम. खाकी कव्हराची. तुमच्याच हातात."

"नाही. घरी बघा नीट. घरात चूल आहे ना? नव्या सूनबाईंना वही काय आणि वर्तमानपत्र काय, सारखंच. गेली असेल चुलीत."

सगळे हसले. मीही हसले. सांडू गुरुजी हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली, आणि ती माझ्याबद्दल नव्हती. स्वतःच्या हातानं दिलेली वही त्यांना आठवत होती, तरी त्यांनी माझं खरं मानलं, कारण मी त्यांची शिक्षिका होते. "बघतो," म्हणाले आणि निघाले. सीताफळं टेबलावर राहिली. आम्ही ती दुपारच्या सुट्टीत खाल्ली. फार गोड होती, आणि मी दोन खाल्ली.

हिलोचं आभाळ चौथ्या दिवशी उघडलं. आंटी लेई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मालिए." वारा नाही, लाट नाही, सगळं निवांत. लोक एकमेकांच्या अंगणातली झाडं कापायला आले, कुणी भात आणला, कुणी मासे. मी आत बसून बाळाला तेल लावत होते आणि ठरवत होते की परत गेल्या गेल्या पहिलं काम हेच करायचं.

परत आले आणि दोन वर्षं काही केलं नाही. गुडघे दुखत होते. ऊन फार होतं. मग पाऊस. मग नवरात्र. सांडू गुरुजींचं गाव शोधायला एक फोन पुरला असता. एका जुन्या विद्यार्थ्याला तो फोन केला आणि पत्ता मिळाला, तरीही तो कागद चार महिने फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला. भाजी काढताना रोज दिसायचा. माणूस आपल्या चुकीलाही किती सवयीनं सामावून घेतो, हे मला त्या फ्रिजनं शिकवलं.

शेवटी गेल्या फाल्गुनात गेले. फुलंब्रीच्या पुढे दोन्ही बाजूंना गव्हाची रानं सोनेरी झाली होती, आणि आभाळ भरून आलं होतं. काढणीला आलेल्या गव्हावर असं आभाळ म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला घोर. कन्नडच्या स्टँडवर एस.टी.तून उतरून जीप पकडली. जीपमधली माणसं वाकून वाकून वर बघत होती. मला मात्र मनातून वाटत होतं की आपण काहीतरी मोठं, चांगलं करायला निघालो आहोत. बॅगेत, ती नावं पुन्हा उतरून घ्यायला, एक नवी कोरी वही आणि चांगलं पेन घेतलं होतं. त्या वहीची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सांडू गुरुजींचं घर पक्कं, पुढे पत्र्याची पडवी. गुरुजी आता निवृत्त, मिशा पांढऱ्या. त्यांनी मला चेहऱ्यावरून ओळखलं आणि पाया पडायला वाकले. मी मागे सरकले.

"या, या म्याडम! पाय लागले आमच्या घराला. बसा. अवो, पानी आना. आमच्या म्याडम आल्यात, संभाजीनगरवून. लई मोठ्या बाई."

पडवीच्या टोकाला त्यांच्या पत्नी गहू पाखडत होत्या. वाळकी, उंच बाई, कपाळावर मोठं कुंकू. त्या उठल्या, पाणी दिलं, चहा आणून ठेवला, पुन्हा जाऊन सूप हातात घेतलं. गुरुजी रंगात आले होते. शाळेचं, पोरांचं, पेन्शनीचं सांगून झालं, आणि मग ते पत्नीकडे बोट दाखवून हसत हसत म्हणाले, "ही आमची गयाबाई. आमच्या मायची वही हिनंच चुलीत घातली बरं का. तुमाला याद हाय का ती वही? तुमी म्हनलं व्हतं, घरी बघा. म्या घरी येऊन इचारलं, तर ही नाय नायच म्हनती. दुसरं कोन घालनार?"

गयाबाईंचं सूप थांबलं नाही. एका लयीत गहू वर जात होते आणि खाली येत होते.

"येनाऱ्या-जानाऱ्याला म्या सांगतो," गुरुजी म्हणाले, "का आमची ठकूबाई जलमभर पावसाला नावं ठिवीत राह्यली आनि ह्या सूनबाईनं एका सकाळी चहा उकळला त्याच्यावर." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. इतक्या वर्षांत रागाची झीज होऊन त्याची गंमत झाली होती, आणि ती गंमत ते पाहुण्याला चहाबरोबर देत होते. आईचं नाव ठकूबाई, हे मला असं कळलं. "हिला बी सगळी पाठ व्हती," ते पुढे म्हणाले. "माय हिच्यासंगंच रानात असायची ना. पर एक शबूद सांगीन तर शपथ. म्या लई डाव म्हनलं, सांग, म्या परत लिवतो."

"जाळली म्हन्ता ना," गयाबाई सुपाकडे बघत म्हणाल्या. "मंग जळालं."

मी घरून निघताना एका माणसाची गुन्हेगार म्हणून निघाले होते. ही बाई माझ्या हिशेबात नव्हती. तिच्यावर मी एक विनोद केला होता, तिला न पाहता, स्टाफरूममध्ये. आणि तिनं तो आयुष्यभर पदरात बांधून वागवला होता, माहेरी, सासरी, लेकीच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांसमोर. नवी नवरी असताना तिनं नाही म्हटलं आणि कुणाला खरं वाटलं नाही, कारण शहरातल्या बाईंनी सांगितलं होतं.

मी बोलले. खाली मान घालून, भराभर. वही तुम्ही मला दिली होती, सांडू गुरुजी. माझ्याकडेच होती. मी रद्दीत घातली. तुम्ही मागायला आलात तेव्हा मला माहीत होतं. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. यांनी काही केलेलं नाही.

मान वर केली तेव्हा गुरुजी प्रेमानं हसत होते. "व्हय, व्हय," म्हणाले. "असू द्या म्याडम. असू द्या. चहा घ्या."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगितलंच पाहिजे. एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढ्या स्वस्तात सुटणं मी निमूट पदरात घेतलं, डोळ्यांत पाणी आलं, माणसाचं मन किती मोठं असतं असंही वाटून गेलं, आणि मी चहाच्या कपाकडे हात केला.

गयाबाईंनी सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. बाहेर पत्रा एकदा वाजला, आणि शेजारच्या घरातल्या बाया अंगणातलं वाळवण उचलायला बाहेर आल्या होत्या, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"त्यायला ऐकू येत नाय," त्या म्हणाल्या. "धा वर्सं झाली. नुसतं व्हय व्हय करत्यात."

त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं.

"या बाजूला बसा, डाव्या कानाकडं. आनि मोठ्यानं सांगा म्याडम. आवाज भाईर गेला तरी चालतंय."

मी उठले. कप खाली ठेवला, खुर्ची गुरुजींच्या डाव्या बाजूला ओढली आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. माझा आवाज चिरकत होता. पलीकडच्या अंगणातल्या बाया हातातलं वाळवण तसंच धरून थांबल्या. गुरुजींचं हसू हळूहळू गेलं आणि ते गयाबाईंकडे बघायला लागले. मी थांबले, तशा गयाबाई म्हणाल्या, "अजून मोठ्यानं."